फक्त धूळ

पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला आणि विचारलं, "हे पोट कुणाचं?"

टचिंगवालीला आधी वाटलं, बाई थट्टा करताहेत. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला सहज ऐकू जाईल अशा आवाजाच्या बाई. अशी माणसं गंभीर गोष्टही थट्टेनेच सुरू करतात. म्हणून ती थोडी हसलीसुद्धा. मग तिने ताईंकडे पाहिलं. फोटो ताईंनीच काढला होता, आणि ताई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हात पुढे केला. फोटोत बाई लाकडी स्टुलावर बसल्या होत्या, अंगावर एक धागा नाही, हात मांडीवर, बसथांब्यावर बसावं तशा निवांत. छातीच्या खालून निघून बेंबीच्या बाजूने थेट खालपर्यंत गेलेला जो जाड, चकचकीत व्रण तिथे असायला हवा होता, तो नव्हता. त्या जागी एक गुळगुळीत पोट होतं. चांगलं होतं पोट, नाव ठेवायला जागा नव्हती. ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला आणि म्हणाल्या, "छापताना मी खांदेच बघत राहिले. चूक माझीपण आहे." त्या "माझीपण"मधला "पण" टचिंगवालीच्या छातीत जाऊन बसला.

"पोट कापलं तेव्हा मी जगेन असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं," बाई म्हणाल्या. "जगले. मग तेरा महिने आंघोळीला गेले की वर बघायचे. नळाकडे, छताकडे, कुठेही, फक्त खाली नाही. शिकवायला लाज वाटेना, पण कपडे बदलायच्या खोलीत शिरायला वाटायची. तेरा महिन्यांनी एक दिवस म्हटलं, चल, बघू तरी. हळूहळू बोलाचाली सुरू झाली आमची. मग इथे येऊन बसले. आणि तुम्ही किती वेळात पुसलंत हो?" टचिंगवाली म्हणाली, "अर्ध्या तासात." खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. बाई मोठ्याने हसल्या, पण डोळे पुसले. "हात सफाईदार आहे तुमचा. खोट नाही काढत. पण तुम्ही कधी बसलात का तिथे?" त्यांनी पडद्यापलीकडच्या स्टुलाकडे बोट दाखवलं, पिशवी उचलली आणि दारात वळून म्हणाल्या, "हिला ठेवा तुमच्याकडेच. मी हिला ओळखत नाही."

आता टचिंगवालीचा धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. गेली चोवीस वर्षं ती लोकांच्या चेहऱ्यांवरचं नको ते काढून टाकत होती. निगेटिव्ह काचेच्या उजळ पाटीवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि कामाला लागायचं. सुरकुती, खड्डा, डोळ्याखालचं काळं, हे सगळं पेन्सिलीने भरून काढायचं; आणि जे चकाकतं, उंच उठलेलं असतं, ते बारीक पात्याच्या चाकूने खरवडायचं. पेन्सिल चुकली तर पुसता येते. चाकूचं तसं नाही. एकदा खरवडलं की तिथे पुन्हा काही उगवत नाही. तीन दुकानांचं काम तिच्याकडे यायचं, आणि चार वर्षांपासून ताईंचं. ताईंची तऱ्हा वेगळी. जुना, कपाटाएवढा कॅमेरा. समोर येऊन बसणारी माणसं साधी, कुणी शिक्षक, कुणी पाववाला, कुणी दोन पोरांची आई. त्यांचे कपडे पडद्यामागे, आणि ती तासभर नुसती उजेडात बसलेली. त्या तासात ताई एकच फोटो काढायच्या. एक माणूस, एक निगेटिव्ह. दुसरा काढला तर पहिल्या वेळी माणूस खोटं बसतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पाकिटावर त्या निळ्या शाईत दोनच शब्द लिहायच्या, "फक्त धूळ". म्हणजे निगेटिव्हवर बसलेल्या कणांचे डाग तेवढे काढायचे, माणसाला हात लावायचा नाही. चार वर्षं टचिंगवालीने हे डोळ्यांत तेल घालून पाळलं होतं. आणि आता तिला आठवेचना की बाईंच्या पोटावर चाकू कधी फिरला. पाकिटावरचे शब्द वाचलेले आठवत होते. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं तेही आठवत होतं. मधला अर्धा तास मात्र कुणीतरी खरवडून काढल्यासारखा गायब होता.

ती पायीच घरी निघाली. बस समोरून गेली, तिने हात केला नाही. अस्वस्थ झाली की तिला चालायचं असायचं, आणि चालताना लोक दिसायचे, आणि लोक दिसले की हात सुरू. फळवाल्याच्या ओठावरची खाच तिने मनातल्या मनात भरली. शाळेच्या फाटकाशी उभ्या बाईच्या मानेवरचा पांढरा डाग काढला. टपालवाल्याच्या पापणीवरचा मस चाकूच्या एका फटक्यात उडवला. हे ती रोज करायची, करमणूक म्हणून, इतर लोक रस्त्यावरच्या पाट्या वाचतात तसं. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की हा हात तिला विचारत नाही. तिने तो खिशात घातला. खिशातही बोटं हलत होती. मला काय झालंय, ती स्वतःशी म्हणाली, एक चूक तर झाली, माणूस आहे, चुकतं. बाईंचं पोट तर जिथल्या तिथे आहे ना. हे बरोबर होतं आणि त्याने काही फरक पडत नव्हता. कॉलर गळ्याशी घट्ट होती, नेहमीसारखीच. वरचं बटण तिने चाचपून पाहिलं, लागलेलं होतं. वर्षाचे बाराही महिने ते लागलेलं असायचं. दुकानातल्या पोरी तिला मागे "बाटलीचं बूच" म्हणायच्या, हे तिला माहीत होतं, आणि त्या वाईट नव्हत्या हेही माहीत होतं.

कॉलरच्या खाली जे होतं ते तिने स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आपली पाठ बघायला दोन आरसे लागतात, आणि त्यांच्या घरात एकच आरसा होता, तोही तोंडापुरता. ती आठ वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं शेगडीवरून कलंडलं. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. तिला दुखल्याचं फारसं आठवत नाही. आईचा आवाज आठवतो, आईचा असेल असं न वाटणारा. मग दवाखाना, पालथं झोपणं, फरशीवरच्या चौकटी मोजणं. मग घरी आल्यावर ते दोन शब्द, जे आईने तेव्हापासून दिवसातून दहादा म्हटले: "झाकून घे." पाहुणे आले, झाकून घे. वारा सुटलाय, झाकून घे. कुणी नाही घरात, तरी झाकून घे. आई स्वतः मलम लावायची तीही तोंड वळवून, चाचपडत, भिंतीशी बोलत. आठ वर्षांच्या पोरीने त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला: बघवत नाही असं काहीतरी आपण पाठीवर घेऊन फिरतो. तिशीत एकदा एक छापखान्यातला माणूस तिच्या आयुष्यात आला होता. चांगला होता, बोटं शाईने कायम निळी, बोलायला मवाळ. आठ-दहा महिने ती दोघं चहा पीत होती, फिरत होती. एका दुपारी त्याच्या खोलीत त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कपड्यावरूनच त्याला काहीतरी लागलं असावं, कारण हात क्षणभर थांबला. एवढंच. तो थांबलेला हात पुढे जाणार होता की मागे, हे बघायला ती थांबलीच नाही. त्याच्या पत्रांना तिने उत्तर दिलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती त्या हाताचा हिशोब लावत बसायची, कधी तो पुढे यायचा, कधी मागे जायचा.

घरी आई खुर्चीत होती, भिंतीकडे तोंड करून. टचिंगवालीचं टेबल खिडकीपाशी, आणि ताईंचं काम घरात येऊ लागल्यापासून आईने आपली खुर्ची फिरवून घेतली होती. उघडीनागडी माणसं आपल्याला बघायची नाहीत, असं तिने जाहीर केलं होतं. मात्र दर नव्या पाकिटाला भिंतीकडे बघूनच विचारायची, "आज कोण गं, बाई की बाप्या?" आणि बाप्या असला तर, "वयस्कर आहे की कसा?" चहा आणून ठेवायची तो डोळे गच्च मिटून, आणि दर दोन दिवसांनी सांडायची. "आज लवकर?" आई म्हणाली. "हो." "ताई काय म्हणाली?" "काही नाही." "काही नाही म्हणजे काहीतरी आहे." टचिंगवालीने चाकू पेटीत घातला आणि पेटी कपाटावर टाकली.

पुढचे आठ दिवस तिच्या हातून काम झालं नाही. म्हणजे ती बसायची, पाटी उजळायची, भिंग लावायची, आणि पेन्सिल हवेतच राहायची. गालावरची प्रत्येक खळगी तिला विचारायची, मी तुझं काय घोडं मारलंय? एका लग्नाचं पाकीट तिने जसंच्या तसं परत पाठवलं. दुकानदाराचा फोन आला. "अहो, नवरदेवाच्या नाकावरचा फोड तसाच आहे! फोड आधी दिसतो, नवरदेव नंतर!" ती म्हणाली, "त्या दिवशी होता ना त्याच्या नाकावर?" तिकडून दुकानदाराने हळूच विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" खरंच बरं नव्हतं. आंघोळीला गेली की तिला बाईंचं वाक्य आठवायचं, नळाकडे, छताकडे. ती सदतीस-अडतीस वर्षं नळाकडेच बघत आली होती, आणि तिला तर खाली बघूनही काही दिसणार नव्हतं. बाईंनी तेरा महिन्यांत जे केलं त्याची आपण सुरुवातही केली नाही, या विचाराने तिला बाईंचा रागसुद्धा आला. मग कळलं की तोच राग त्या अर्ध्या तासात हाताला आला असावा. एवढा मोठा व्रण, आणि ही बाई कशी ऐसपैस बसलीये! हे लक्षात आल्यावर ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. आई भिंतीला म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीये का?"

नवव्या दिवशी सकाळी ती ताईंकडे गेली. "मला बसायचंय," ती म्हणाली. ताई काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "शिक्षा म्हणून बसणार असशील तर नको. मी दंड वसूल करत नाही." "शिक्षा म्हणून नाही." "मग कशाला?" "माहीत नाही." ताईंनी फडकं ठेवलं. "हं. हे चालेल."

पडद्यामागे एक खुंटी होती आणि एक खुर्ची. वरचं बटण निघालं, दुसरं निघालं, तिसऱ्यापाशी तिची बोटं अडली. पलीकडे ताई काहीतरी ओढत होत्या, लाकडाचा फरशीवर आवाज येत होता. घाई करत नव्हत्या, बोलतही नव्हत्या. वाटलं तर कपडे घालून निघून जावं, दार उघडंच आहे, ताई अक्षरसुद्धा बोलणार नाहीत. त्या काही बोलणार नाहीत म्हणूनच बहुधा ती गेली नाही. बाहेर आली तेव्हा फरशी पायाला गार लागली, आणि पहिली गोष्ट कळली ती अगदीच साधी: पाठीला हवा लागत होती. इतकी वर्षं तिथे कापडच लागत होतं. उजवीकडे हवा लागली की गार वाटायचं, आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही, नुसतं कुणीतरी लांबून बोलावल्यासारखं. ती खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसली, पाठ कॅमेऱ्याला. रडू येईल असं वाटलं होतं, शिंक आली. ताई म्हणाल्या, "शिंकून घे, माझ्याकडे तासभर आहे." त्या पाठीकडे बघत असणार, हे तिला मानेवर जाणवत होतं. आता आवाज बदलेल, आता उगाच मऊ होतील, आता म्हणतील, अरेरे. ताई म्हणाल्या, "डावा कोपर थोडा पुढे. उजेड अडतोय." मग पाऊण तास काही नाही. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तिचे खांदे आपोआप खाली आले. आपण ते इतके वर धरून ठेवले होते, हे ते खाली आल्यावर कळलं. आणि तिला वाटलं, झालं, एवढंच तर होतं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पाठ दाखवलीस, चांगलं केलंस. पण त्यात तोंड लपतंय. ही पाठ कुणाची ते मला कळत नाहीये."

हे त्यांनी सहज म्हटलं असेल किंवा नसेलही. तिने मान वळवली. भिंगाच्या गोल काळ्या डोळ्यात बघितलं, खांद्यावरून, तो हात थांबला होता त्याच खांद्यावरून. काय चेहरा झाला होता कुणास ठाऊक. खटका पडल्याचा आवाज आला, आणि ताई म्हणाल्या, "ऊठ, पाय आखडले असतील."

चार दिवसांनी ताईंनी तिच्या हातात दोन पाकिटं ठेवली. एक पोहणाऱ्या बाईंचं. त्या येऊन पुन्हा बसल्या होत्या, म्हणाल्या होत्या, पोट कुठे पळून गेलंय का, काढा परत. त्यावर "फक्त धूळ" लिहून खाली दोन रेघा ओढलेल्या. दुसऱ्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "हे तुझं," ताई म्हणाल्या. "तू ठरव."

बाईंचं काम तिने आधी केलं, भीत भीत, तीन कण, तीन टिंबं, पेन्सिल खाली. मग आपलं पाकीट उघडलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, उजळ ते काळं, काळं ते उजळ. पण चोवीस वर्षांत तिचा डोळा उलट्याचं सुलटं आपोआप करायचा. तर ही अशी होती. डाव्या खांद्यापासून कमरेच्या वरपर्यंत, आटवलेल्या दुधाची साय बाजूला गोळा व्हावी तशी कातडी, घड्या, चकाकते पट्टे, मध्येच एखादी सपाट गुळगुळीत जागा. भयंकर नव्हतं. सुंदर आहे असंही तिला वाटलं नाही, आणि तिने स्वतःला तसं वाटायला लावलंही नाही. ते फक्त खूप होतं. आणि त्याच्या वर एक चेहरा, मागे वळलेला, कुणी हाक मारल्यावर "काय?" म्हणणाऱ्या माणसाचा. कपाटावरून पेटी कधी काढली हे या वेळी तिला नीट आठवत होतं. चाकू हातात होता. पूर्ण पाठ करायला दोन दिवस लागले असते, पण तिला करता आली असती, तिच्याइतकी चांगली दुसऱ्या कुणालाही नाही. मग छापलेला फोटो भिंतीवर लावता आला असता, निळ्या बोटांच्या माणसाला पाठवता आला असता, बघ, अशी होती तुझा हात थांबला ती जागा. पातं कडेच्या पट्ट्याला टेकलं. तिने श्वास धरला, जसा ती नेहमी धरायची. आणि मग, काम करणाऱ्याची खोड, आधी धुळीचं बघून घ्यावं म्हणून भिंग सरकवलं.

एकच ठिपका होता. व्रणाच्या अगदी काठाला, पाठकण्याच्या डाव्या बाजूला, मोहरीएवढा. तिने चाकू ठेवून पेन्सिल घेतली, टोक केलं, वाकली. आणि थांबली. धुळीच्या डागाची कड सुईने टोचल्यासारखी तीक्ष्ण असते. या ठिपक्याची कड मऊ होती, आजूबाजूच्या कातडीत विरत गेलेली. चोवीस वर्षांत अशा मऊ कडा तिने हजारो पाहिल्या होत्या, लोकांच्या गालांवर, हनुवट्यांवर. ही धूळ नव्हती.

"आई," तिने विचारलं, "माझ्या पाठीवर तीळ आहे?"

आई भिंतीकडे तोंड करून वाटाणे सोलत होती. हात थांबले. "होता," ती म्हणाली.

"होता म्हणजे?"

"होता. तू झालीस तेव्हा नर्सने आधी तोच दाखवला. म्हणाली, हरवली तर खूण आहे. मी तुझं अंग पुसायला घेतलं की पहिलं बोट त्यावर." आईने हातातली शेंग ताटात ठेवली. "मग पातेलं पडलं. कडेला मीच ठेवलं होतं, दुसरं कोण ठेवणार? दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा एकदाच बघितलं, सगळं लाल. म्हटलं, गेली खूण. त्यानंतर मी बघितलं नाही. मला माझंच केलेलं बघवायचं नाही गं."

अडतीस वर्षं दोघी एकाच गोष्टीकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि एकीला वाटत होतं ती आपली लाज आहे, दुसरीला वाटत होतं आपला गुन्हा. हे कुणीतरी आधी बोलायला हवं होतं. कुणी बोललं नाही, झालं.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"तीळ. अजून आहे."

वाटाण्यांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा. आई दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, पाय ओढत, खुर्चीसकट वळली. टचिंगवालीने निगेटिव्ह उचलून तिच्यापुढे धरली. आईने ती बाजूला केली. "त्यात नको. मला त्यातलं काही समजत नाही. तू दाखव."

दुपारचा उजेड टेबलावर, चाकूवर, फरशीवर पडला होता. तिने वरचं बटण काढलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि आईकडे पाठ करून बसली. बराच वेळ मागे नुसता श्वास ऐकू येत होता. मग वाटाण्याने ओलं झालेलं एक बोट पाठीला लागलं, आधी चुकीच्या जागी, जिथे तिला लागल्याचं नीट कळलंसुद्धा नाही; मग सरकत, शोधत, काठापर्यंत आलं आणि टेकलं.

"हा बघ मेला," आई म्हणाली. "इथेच बसलाय."

खिडकी उघडी होती आणि वारा आत येत होता. आता आई म्हणेल, झाकून घे, म्हणून ती वाट बघत राहिली. आई म्हणाली नाही. बोट तिथेच होतं.